ठासणीच्या बंदुकीचा बार फुसका का जातो? कारणे, तपासणी आणि जीव वाचवणारे नियम

भात पोटरीला आलं की रानडुकरांचा त्रास सुरू होतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या अनेक गावांत शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आजही घरात आहे. काही घरांत ती आजोबांपासून चालत आलेली असते. वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघणारी ही बंदूक ऐन वेळी दगा देते. चाप ओढला, 'टक्' असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. किंवा टोपी फुटली, धूर निघाला, पण बार गेलाच नाही.

अशा वेळी माणूस पुढच्या एका मिनिटात काय करतो, यावर सगळं अवलंबून असतं. बंदूक उलटी करून नळीत बघणं, रागाने दस्ता आपटणं किंवा 'बार गेला असेल' असं समजून वरून दुसरा बार भरणं, ही तिन्ही कामं जिवावर बेततात. म्हणून बार फुसका का जातो, दोष कसा शोधायचा आणि तो शोधताना कोणती काळजी घ्यायची, याची ही सविस्तर माहिती.

बार उडतो कसा?

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरतात आणि गजाने ठासतात. नळीच्या मागच्या बाजूला एक छोटी पोकळ बोंडी असते, तिला निपल म्हणतात. निपलवर तांब्याची छोटी टोपी, म्हणजे कॅप, बसवतात. टोपीच्या आत ठोका बसताच पेटणाऱ्या मसाल्याचा पातळ थर असतो.

चाप ओढल्यावर चार गोष्टी एकामागून एक घडतात.

१. घोडा जोरात टोपीवर आपटतो.
२. टोपीतला मसाला पेटतो.
३. ती ज्वाला निपलच्या बारीक भोकातून आणि पुढच्या अरुंद वाटेतून नळीच्या बुडाशी पोहोचते.
४. तिथली काळी दारू पेटते आणि गोळी बाहेर पडते.

यातली एक कडी तुटली तरी बार जात नाही. निपलचं भोक साधारण एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. तेलाचा एक थेंब, काजळीचा एक कण किंवा फुटलेल्या टोपीचा एक तुकडा एवढ्याने ती वाट बंद होते. त्यामुळे टोपी फुटूनही बार गेला नाही तर संशय आधी या वाटेवरच घ्यायचा. बंदूक मोडलेली नसते, तिची वाट तुंबलेली असते.

टोपी येण्याआधी काय होतं?

त्याआधी तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुका होत्या. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडे, ती बाहेरच्या उघड्या रंजकेवर जाई आणि तिथून आतली दारू पेटे. पाऊस आला की रंजक भिजे आणि सगळं थांबे.

स्कॉटलंडमधले अलेक्झांडर फोर्साइथ हे पाद्री पाणपक्ष्यांची शिकार करत. रंजकेचा भपका दिसताच पक्षी सावध होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचा वापर करून १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे काही वर्षांत तांब्याची टोपी आली.

इंग्रज लष्कराने १८३४ मध्ये वुलिच इथे दोन्ही प्रकारांची चाचणी घेतली. ६,००० बारांत चकमकीची बंदूक ९२२ वेळा फुसकी गेली, तर टोपीची फक्त ३६ वेळा.

हा फरक हिंदुस्थानी शिपायांनी प्रत्यक्ष भोगला. १८४१ च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटन शहराजवळ मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी वादळी पावसात वाट चुकली. त्यांच्या चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या आणि जमावाने त्यांना घेरलं. टोपीच्या बंदुका असलेल्या इंग्रज नौसैनिकांनी जाऊन त्यांना सोडवलं. पुढे १८५७ मध्ये ज्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसावरून ठिणगी पडली, ती १८५३ सालच्या नमुन्याची रायफलही तोंडातून भरायची आणि टोपीवर चालणारीच होती.

रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, तर आपल्याकडच्या बहुतेक शेती संरक्षणाच्या बंदुकींची नळी आतून गुळगुळीत असते. पेटण्याची पद्धत मात्र दोन्हींत एकच, आणि दोषही तेच. रायफलच्या खाचांत काजळी जास्त अडकते, एवढाच फरक.

बार गेला नाही तर सगळ्यात आधी काय करायचं?

दोष शोधण्याआधी हा भाग पाठ करून ठेवा.

- नळी जशी सुरक्षित दिशेला आहे तशीच धरून ठेवा. खांद्यावरून उतरवण्याची घाई नको. सोबतच्या माणसांना मागे थांबायला सांगा.
- किमान एक मिनिट थांबा. दोन मिनिटं थांबलात तर अधिक चांगलं. दारू आत धुमसत असेल तर बार उशिराने उडू शकतो. याला लटकलेला बार म्हणता येईल, आणि घात होतो तो बहुधा यानेच.
- नळीच्या तोंडासमोर डोकं, हात, पाय काहीही आणू नका. आत बघायचा मोह झाला तरी बघू नका.
- वेळ गेल्यावर, नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून फुटलेली टोपी काढा. नवी टोपी बसवून पुन्हा चाप ओढा.
- तरीही गेला नाही तर पुन्हा तेवढाच वेळ थांबा. टोपी काढा, निपलच्या भोकात बारीक तार घालून वाट मोकळी करा, नवी टोपी बसवा आणि पुन्हा प्रयत्न करा.
- दोन-तीन प्रयत्नांनंतरही बार गेला नाही तर हट्ट सोडा. बंदूक भरलेली आहे असंच समजून वागा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : पहिला बार नक्की बाहेर गेला याची खात्री झाल्याशिवाय दुसरा भरू नका. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा केल्याची नोंद आहे. त्यातल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या आणि भरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत एकावर एक दोन बार होते. काहींत तर तीनपासून दहापर्यंत. गोंगाटात आपला बार फुसका गेला हे शिपायाला कळलंच नाही आणि तो भरत राहिला. असे दोन बार एकदम पेटले तर नळी फाटू शकते. रात्रीच्या अंधारात, घाबरलेल्या मनाने, मांगरात एकट्याने बसलेल्या शेतकऱ्याच्या हातूनही हीच चूक होऊ शकते.

बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे कसं ओळखायचं?

यासाठी गजावरची खूण ही सगळ्यात सोपी युक्ती. बंदूक नक्की रिकामी असताना गज हळूच नळीत बुडापर्यंत सोडा. नळीच्या तोंडाशी गजावर जिथे कडा येते तिथे एक पक्की खूण करा. पुढे कधीही शंका आली तर आधी निपलवर टोपी नाही याची खात्री करा, तोंड आणि अंग बाजूला ठेवा आणि गज सोडून बघा. खूण कडेपर्यंत गेली नाही, वरच राहिली, तर आत काहीतरी आहे.

नेहमीच्या मापाचा बार नीट ठासलेला असताना गज जिथे थांबतो, तिथे दुसरी खूण करता येते. गोळी दारूवर टेकली आहे की मध्येच अडकली आहे, हे या दुसऱ्या खुणेवरून कळतं. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा किंवा फाटण्याचा धोका असतो.

आवाजावरून दोष ओळखा

डॉक्टर जशी आधी लक्षणं विचारतो, तसंच इथेही. 'बंदूक चालत नाही' एवढ्याने काही कळत नाही. चाप ओढल्यावर नेमकं काय झालं, ते आठवा.

लक्षण १ : नुसता 'टक्' आवाज, टोपी फुटलीच नाही

दोष घोडा, टोपी किंवा निपलचं वरचं टोक यांच्यात आहे. दारूचा इथे काही संबंध नाही.

टोपी पहिल्या ठोक्याला न फुटता दुसऱ्या ठोक्याला फुटत असेल, तर ती निपलवर पूर्ण खाली बसत नाही, असं समजा. पहिल्या ठोक्याची ताकद टोपी खाली ढकलण्यातच जाते. टोपीचा आकार निपलपेक्षा लहान असेल किंवा निपलचं टोक चेपून पसरलं असेल तर असं होतं. टोपी बसवताना लाकडी काडीने हलकेच दाबून ती पूर्ण बसल्याची खात्री करा. त्या वेळीही नळी सुरक्षित दिशेलाच हवी. घोडा टोपीवर टेकवून ती कधीही दाबू नका.

टोपी सैल असेल आणि पडत असेल, तर ती चिमटून चपटी करायची सवय काहींना असते. अशी टोपी नीट बसत नाही. योग्य मापाची टोपी आणणं हाच उपाय.

निपलचं टोक का चेपतं? टोपी नसताना गंमत म्हणून घोडा आपटल्यामुळे. पोलादावर पोलाद बसून टोक पसरतं. मुलांना असा खेळ करू देऊ नका. सराव करायचाच असेल तर निपलवर जाड चामड्याचा तुकडा ठेवायचा असतो.

घोड्याचं तोंडही बघा. त्यात एक छोटी खोबण असते. फुटलेल्या टोपीचे तांब्याचे तुकडे तिथे साचतात आणि ठोका मऊ पडतो. ते काढून टाका. घोडा निपलच्या बरोबर मधोमध बसतो का, हेही पाहा. खोबणीत पडलेला वळ एका बाजूलाच जास्त असेल तर ठोका तिरका बसतोय.

घोडा सावकाश, जड पडत असेल तर तीन कारणं संभवतात : आत साचलेलं घट्ट तेल, पावसाने फुगलेल्या दस्त्याच्या लाकडाला होणारं घर्षण किंवा थकलेली स्प्रिंग. शेवटची दोन कामं कारागिराची.

टोपी स्वतःच सर्दावलेली असू शकते. मिरगात उघड्या डबीत राहिलेल्या टोप्यांवर दिवाळीत विश्वास ठेवू नये.

लक्षण २ : टोपी फुटली, बार गेला नाही

ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार. टोपीपासून दारूपर्यंतची वाट बंद आहे किंवा दारू पेटण्याजोगी नाही.

कारण पहिलं, तेल. बंदूक ठेवताना गंज लागू नये म्हणून नळीत तेल सोडतात. बंदूक भिंतीला उभी टेकवली की ते तेल हळूहळू उतरून बुडाशी आणि निपलच्या वाटेत साचतं. भरताना ते पुसलं नाही तर दारूच तेलात भिजते. कोकणात हाताशी खोबरेल असतं, म्हणून तेच लावलं जातं. पण खोबरेल थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. पातळ बंदुकीचं तेल, तेही अगदी थोडं, हेच योग्य.

कारण दुसरं, काजळी. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन रूपात मागे राहतो. त्यातला काही धुरासोबत जातो, बाकीचा नळीत बसतो. हा मळ हवेतला ओलावा ओढतो. पावसाळी हवेत काही तासांतच तो ओलसर होतो आणि वाट बुजवतो.

कारण तिसरं, चुकीची पुसणी. एका बारानंतर दुसरा भरण्याआधी ओला फडका नळीत घालतात. फडका फार ओला आणि घट्ट असला तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा सगळा मळ पुढे ढकलून थेट निपलच्या वाटेत कोंबतो. बंदूक साफ केली आणि तरी बार गेला नाही, याचं गुपित बहुतेक वेळा हेच. फडका ओला नको, फक्त दमट हवा. त्यानंतर कोरडा फडका आणि मग निपलमध्ये तार.

कारण चौथं, दारू खाली पोहोचलीच नाही. बऱ्याच बंदुकींत बुडाची वाट अरुंद असते. दारू ओतल्यावर नळीच्या बाजूला तळहाताने दोन-तीन थापा मारल्या की ती खाली सरकते.

कारण पाचवं ऐकून हसू येईल, पण ते अनुभवी माणसांच्या हातूनही घडतं : दारू भरायची विसरून फक्त गोळी ठासणं. म्हणून भरताना गप्पा नकोत.

कारण सहावं, सर्दावलेली दारू. भिजून वाळलेली दारू दिसायला बरी दिसते, पण तिच्यातला सोरा पाण्यात विरघळून कमी-जास्त झालेला असतो. ती धड पेटतही नाही आणि धड मेलेलीही नसते. अशी दारू वापरू नये.

लक्षण ३ : टोपी फुटली आणि क्षणभराने बार गेला

'टक्... धडाम' असा दोन भागांत आवाज आला तर वाट पूर्ण बंद नाही, पण अर्धी तुंबली आहे. किंवा दारू थोडी दमट आहे, किंवा गोळी नीट ठासली गेली नव्हती. बार गेला म्हणून समाधान मानू नका. पुढचा बार फुसका जाणार, याची ही आगाऊ सूचना आहे. तिथेच थांबून साफसफाई करा.

लक्षण ४ : बार जातो, पण घोडा मागे उडतो, तोंडावर ज्वाला येते

निपलचं भोक झिजून मोठं झालं आहे. आतला दाब मागे येतोय. वाट मोकळी व्हावी म्हणून काही जण भोक सुईने किंवा ड्रिलने मोठं करतात. तसं करणं म्हणजे हा दोष हाताने ओढवून घेणं. डोळा याच बाजूला असतो, हे विसरू नका. निपल बदलून घेणं हाच उपाय. निपलचे आटे नेमके जुळायला हवेत. आटे न जुळणारा निपल जोर लावून बसवला तर तो गोळीसारखा मागे सुटू शकतो.

भरण्याआधीची दोन मिनिटं

फुसक्या बारांपैकी बरेचसे भरण्याआधीच टळतात. क्रम असा.

१. गजाच्या खुणेने बंदूक रिकामी असल्याची खात्री करा.
२. कोरडा सुती फडका नळीत बुडापर्यंत फिरवा. तेल लागलं तर दुसरा घ्या. फडका कोरडा बाहेर येईपर्यंत थांबू नका.
३. निपलच्या भोकातून बारीक तार फिरवा.
४. मोकळ्या, ओसाड मातीवर एक वाळकं पान ठेवा. आजूबाजूला गवत, पेंढा नको. रिकाम्या बंदुकीच्या नळीचं तोंड पानाजवळ धरा आणि निपलवर टोपी बसवून फोडा. पान हललं तर वाट मोकळी. हललं नाही तर बंदूक भरू नका, पुन्हा साफ करा.
५. आणखी एक टोपी फोडा. राहिलेला तेलाचा अंश जळून जातो.
६. पुन्हा एकदा तार आणि कोरडा फडका फिरवा. टोपीचा मळ आणि एखादी ठिणगी मागे राहू नये. मगच भरायला घ्या.

टोपी नेहमी सगळ्यात शेवटी. नळी भरून, गज बाहेर काढून, बंदूक सुरक्षित दिशेला धरल्यावरच निपलवर टोपी ठेवायची. टोपी लावलेली बंदूक ठासणं म्हणजे आपल्याच हातावर नेम धरणं.

वापरानंतरची सफाई : त्याच दिवशी

'उद्या बघू' म्हटलं की गंज सुरू. दारूचा मळ पाण्यात विरघळतो, त्यामुळे महागड्या औषधाची गरज नाही.

- नळी सुटी करता येत असेल तर सुटी करा. निपल योग्य पान्याने काढा. पक्कड लावून आटे खराब करू नका.
- कोमट साबणाच्या पाण्याने नळी आतून धुवा. शेवटी कडकडीत गरम पाणी सोडा. नळी गरम झाली की पाणी लवकर वाळतं.
- निपल पाण्यात भिजवून, तार घालून स्वच्छ करा. उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा.
- कोरडे फडके फिरवा, वाळू द्या आणि अगदी हलका तेलाचा हात द्या.
- दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडा फडका फिरवा. तांबूस डाग आला तर गंज धरतोय, पुन्हा पुसून तेल लावा.
- बंदूक ठेवताना पहिले एक-दोन दिवस नळीचं तोंड खाली ठेवा, म्हणजे जास्तीचं तेल निपलकडे न जाता बाहेर येईल.

ठाण्यातून परत आलेली बंदूक

निवडणुकीच्या काळात अनेकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा असतात. तिथे ती काही आठवडे पडून राहते. परत आणल्यावर ती थेट भरू नका. ती रिकामी असल्याची गजाने खात्री करा, मग वरची पूर्ण तपासणी करा. जमा करताना ती रिकामी आणि कोरडी असावी, हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी.

घरातही भरलेली बंदूक ठेवू नये. 'टोपी काढली म्हणजे झालं' असं अनेकजण म्हणतात. पण आत दारू आणि गोळी आहे, हे सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहतं? बंदूक, दारू आणि टोप्या वेगवेगळ्या ठिकाणी, कुलपात ठेवा. चुलीजवळ आणि देवघरातल्या दिव्याजवळ दारू नको.

हे कधीही करू नका

- फटाक्यांची दारू नळीत भरू नका.
- काडतूस फोडून निघालेली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत घालू नका. तिचा दाब फार जास्त असतो, नळी तो सोसत नाही.
- बार जात नाही म्हणून दारूचं माप वाढवू नका. वाट बंद असेल तर दारू दुप्पट केली तरी पेटणार नाही. आणि पेटलीच, तर बंदूक फाटेल.
- अडकलेला बार काढण्यासाठी नळी चुलीवर तापवू नका.
- गज ठोकून गोळी फोडायचा प्रयत्न करू नका.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्पष्ट तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम ५ नुसार व्यवसाय म्हणून बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. म्हणजे गावातल्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात बंदूक नेणं चुकीचं. पुसणं, धुणं, तेल लावणं ही मालकाची कामं. स्प्रिंग, घोडा, निपलचे आटे आणि नळी यांची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे. नूतनीकरणाची तारीख बघून ठेवा.

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू असल्याने रानडुकरासारख्या प्राण्याला मारण्याआधी वन खात्याची लेखी परवानगी लागते. नुकसान झालं असेल तर पंचनामा करून भरपाईचा अर्ज करणं हा मार्ग आहेच.

नेहमी पडणारे प्रश्न

*अडकलेला बार घरी काढता येतो का?*
आधी टोपी काढा. निपलच्या वाटेने पाणी सोडून दारू पूर्ण भिजू द्या, म्हणजे ती पेटण्याची शक्यता कमी होते. पण भिजली म्हणजे मेली असं गृहीत धरू नका, वाळल्यावर ती पुन्हा पेटू शकते. गोळी काढायला गजाला लावायचा मळसूत्री आकडा असतो. त्याची सवय नसेल तर हे काम जाणकारावर सोडा. भरलेली बंदूक मोटरसायकलवर घेऊन फिरण्यापेक्षा आधी कारागिराला किंवा पोलीस ठाण्याला फोन करा.

*पावसात बंदूक न्यायची तर काय?*
नळीचं तोंड खाली ठेवा. घोड्याचा भाग मेणकापडाने झाका. भिजल्याची शंका आली तर त्या बारावर भरवसा ठेवू नका.

*जुन्या टोप्या किती दिवस चालतात?*
घट्ट झाकणाच्या डबीत, कोरड्या जागी त्या बराच काळ टिकतात. हिरवट डाग पडलेल्या टोप्या वापरू नका.

*निपल किती दिवसांनी बदलावा?*
दिवसांवर नाही, झिजेवर ठरवा. टोक चेपलं, भोक मोठं झालं किंवा घोडा मागे उडू लागला की बदलायचा.

थोडक्यात

टोपीच फुटली नाही तर घोडा, टोपी आणि निपलचं टोक बघा. टोपी फुटून बार गेला नाही तर वाट बघा. बार उशिरा गेला तर थांबा आणि साफ करा. ज्वाला मागे आली तर निपल बदला.

बार न गेल्यावरचं ते एक मिनिट मात्र कुठल्याही कारणाने सोडायचं नाही. समोर डुकरांचा कळप असो की वाफ्यातलं भात आडवं होत असो. गेलेल्या भाताचा पंचनामा होतो, पुढच्या वर्षी पुन्हा लावणीही होते. गेलेला डोळा किंवा हात परत येत नाही. घरात ज्यांच्या नावावर परवाना आहे त्यांनी ही माहिती स्वतः वाचावी आणि सोबतीला मांगरावर येणाऱ्या मुलालाही वाचून दाखवावी.